मिडल इंग्रजीचा बंदोबस्त

तंबाखूचं व्यसन असलेल्या माणसाला चुना मागायला तरी कुणी भेटतं. गाण्याचा नाद असेल तर मान डोलवणारे शेजारी मिळतात, निदान ‘पुरे करा’ म्हणणारे तरी मिळतातच. जळकोटच्या सरकारी प्राथमिक शाळेतले दत्तोपंत मास्तर यांना मात्र असा एक नाद लागला होता की साऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात त्यांना त्यात ना कुणी साथीदार होता ना कुणी विरोधक. ते पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं एक कथाकाव्य वाचत होते.

पुस्तक त्यांना सोलापुरात एका रद्दीवाल्याकडं सापडलं. त्या दिवशी ते सोलापूरला शिकेकाई आणायला गेले होते आणि घेऊन काय आले, हा वेगळा विषय आहे आणि तो वनमालाबाईंसमोर काढायचा नसतो. पुस्तक जाडजूड होतं. पानावर वर थोडी कविता आणि खाली भरमसाट टिपा. कवीचं नाव कुणालाच ठाऊक नाही, असं प्रस्तावनेत कबूल केलेलं होतं. या भाषेला ‘मिडल इंग्लिश’ म्हणतात, हेही तिथंच सांगितलेलं होतं. मिडल म्हणजे मधल्या काळातली. अगदी पुरातनही नव्हे आणि आताचीही नव्हे. या साध्यासुध्या शब्दानं पुढं मास्तरांचा गळा धरला, पण त्या वेळी तो त्यांना फार गोड वाटला.

वाचन मोठं कष्टाचं होतं. राजा, सरदार, घोडा असले ओळखीचे शब्दसुद्धा वेष पालटून यायचे आणि एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला असायचा. वर्गातल्या पोरानं असं शुद्धलेखन केलं असतं तर मास्तरांनी त्याला अंगठे धरायला लावले असते. इथं ते स्वतःच कौतुकानं मान हलवीत. एक पान उलगडायला आठवडा लागे. शेवट आधी बघायचा नाही, असा त्यांचा नेम होता. कवीनं जसं सांगितलं तसंच आपण ऐकायचं, मधेच उडी मारणं हा कवीचा अपमान आहे, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांना अजून कुणी विचारलेलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. एका राजाचा लाडका बहिरी ससाणा उडून जातो. त्याला शोधायला एक सरदार निघतो. रानावनातून जाता जाता तो एका वाड्यापाशी येतो, तर तिथल्या मालकिणीच्या मनगटावर ससाणा बसलेला. ती म्हणते, पाखरू वर्षभरानं तुझ्या हाती येईल. पण आजपासून पुढच्या वर्षी याच दिवसाचा सूर्य मावळेपर्यंत तुझ्या तोंडून एक शब्द निघता कामा नये. निघाला, तर ससाणा पुन्हा दिसणार नाही. सरदार मान हलवतो.

इथवर आल्यावर मास्तरांना राहवेना. त्यांनी डाळ निवडत बसलेल्या वनमालाबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, की त्या बाईनं असली अट का म्हणून घातली? मास्तर म्हणाले, ते अजून आलेलं नाही. मग पुढं बघा की, असं बाई म्हणाल्या. मास्तरांनी आपलं मत सांगायला सुरुवात केली, तोवर त्या आधण आलं म्हणून आत गेल्या. मास्तरांचा थोडा अपमान झाला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण बाईंनी विचारेपर्यंत तो त्यांना स्वतःला सुचलेला नव्हता.

निजामी अमलात शाळेला सुट्टी शुक्रवारी असायची. त्या शुक्रवारी मास्तर कल्याणप्पाच्या दुकानी गूळ आणायला गेले. कल्याणप्पा लिंगायत व्यापारी, घरात कानडी आणि गल्ल्यावर मराठी बोलणारा, माणूस सरळ. मास्तर सहज म्हणून सांगायला लागले आणि सरदारानं मान हलवली इथपर्यंत आले, तर कल्याणप्पाचा तराजू हातात तसाच अधांतरी.

“मग?” कल्याणप्पा म्हणाला.

मधल्या काळातल्या इंग्रजी काव्याविषयी ‘मग?’ असं कुणी विचारण्याची मास्तरांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं. गूळ तिथंच ठेवून ते घरी गेले आणि पुस्तक घेऊन आले.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी कल्याणप्पाच्या दुकानामागच्या ओसरीवर वाचन सुरू झालं. मास्तर आधी मूळ ओळ मोठ्यानं म्हणायचे आणि मग तिचा अर्थ सांगायचे. मूळ ओळ सगळे मन लावून ऐकायचे. बलभीम नावाचा एक शेतकरी होता, त्याचं म्हणणं पडलं की ही भाषा कानडीसारखी लागते. कल्याणप्पाला ते पटलं नाही. दोघांत त्यावरून बराच वेळ वाद चालला आणि शेवटी दाराआड तूर पाखडत बसलेल्या कल्याणप्पाच्या आईनं, इरम्मानं, ती कानडी नाही असा निकाल दिला. मग पुढची ओळ.

चर्चा म्हणावी तर अशी. एका थोर इंग्रज पंडितानं या काव्याला प्रस्तावना लिहिली होती, पण घोड्याचा विचार त्याला शिवला नव्हता.

“वरीसभर गप ऱ्हायला म्हंता,” बलभीम म्हणाला, “मग त्येनं घोडं पान्यावर कसं न्हेलं? तोंडानं चक्‌चक्‌ केल्याबिगर घोडं हलतंय व्हय?”

चक्‌चक्‌ हा शब्द धरायचा की नाही, यावर एक अख्खा शुक्रवार गेला. कल्याणप्पा म्हणाला की न बोलता जगणं एवढं काही अवघड नाही. बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबूनच होतो, कुणी तोंड उघडत नाही, सरदारानं तसंच करावं. इरम्माला काळजी वेगळीच होती. जेवायला वाढणारी बाई ‘अजून घे’ म्हणाली, तर हा नको कसं म्हणणार, पोट फुटून मरायचा, असं ती म्हणाली. मास्तर घरी जाऊन हे सगळं वहीत न लिहिता नुसतं आठवत बसायचे. इतकं सुख त्यांना मॅट्रिक पास झाल्यावरही लाभलं नव्हतं.

सुख दिसलं की सल्ला द्यायला शेजारी येतो. मास्तरांचे शेजारी राघवेंद्रराव हे तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. हस्ताक्षर असं की ज्याचा अर्ज नामंजूर झाला तोही कागद जपून ठेवायचा. त्यांनी मास्तरांना गाठलं आणि गंभीरपणे विचारलं, की हे जे चाललं आहे त्याला इजाजत आहे का? पाच माणसं एका जागी बसली की सरकारच्या दृष्टीनं जलसा, म्हणजे सभा होते आणि जलशाला परवानगी लागते. मास्तर म्हणाले, अहो, भजनाला वीस बसतात. राघवेंद्रराव म्हणाले, भजन जुनं आहे, हे नवं आहे. मास्तर म्हणाले, हे पाचशे वर्षांचं आहे.

“मग तसं अर्जात घालू,” राघवेंद्रराव म्हणाले. “दत्तोपंत, तोंडी कारभाराचे दिवस गेले. कागद असला म्हणजे माणूस निर्धास्त झोपतो.”

त्याआधी मास्तर निर्धास्तच झोपत होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

राघवेंद्ररावांनी टाक बुडवला आणि विषय विचारला. मास्तर म्हणाले, मिडल इंग्लिश कविता. आता या मुलखात शाळांच्या तीन पायऱ्या होत्या. खालची तहतानिया, मधली वस्तानिया आणि वरची फौकानिया. मधल्या शाळेला सगळे ‘मिडल’च म्हणायचे. राघवेंद्ररावांनी मिडलला ‘वस्तानिया’ लिहिलं. कवितेला उर्दूत शब्द ‘नज्म’. तोही लिहिला. मास्तरांना कामापुरती उर्दू येत होती. वाचून दाखवल्यावर ‘वस्तानिया अंग्रेजीची नज्म’ हे शब्द त्यांच्या कानाला इतके गोड लागले की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग सही केली.

नज्म म्हणजे कविता, हे खरं. पण नज्म म्हणजे व्यवस्था, कारभार, बंदोबस्तही. कवितेपेक्षा बंदोबस्ताशीच ज्यांचा जास्त संबंध अशा लोकांच्या हातात तो अर्ज पडला, याला कोण काय करणार? कचेरीनं अर्ज पोलिसांकडं धाडला. पोलिसांनी लिहिलं की हा जलसा नव्हे, ही शाळा आहे. तिथून तो शाळाखात्यात गेला आणि खात्यानं मास्तरांना विचारलं, की आपण सरकारी नोकर असताना जळकोटात खाजगी इंग्रजी मिडल काढून तिचा बंदोबस्त स्वतःकडं घेऊ पाहता, हे कुणाच्या हुकमानं? मुलं किती? पिण्याच्या पाण्याची सोय काय? भिंतीवर नकाशा आहे का? समाधानकारक जबाब न आल्यास आपणास मुअत्तल का करू नये? मुअत्तल म्हणजे नोकरीवरून दूर. हा एकच शब्द मास्तरांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

ते धावत राघवेंद्ररावांकडं गेले. राघवेंद्ररावांनी कागद दूर धरून वाचला, जवळ धरून वाचला आणि मसुदा झकास असल्याचं सांगितलं. नज्मचा दुसरा अर्थ बंदोबस्त होतो, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटली, पण कचेरीतल्या कुण्या कारकुनाच्या नजरेतून सुटली नाही, यात त्याचं कौतुक आहे, असंही म्हणाले. मास्तरांना त्या कारकुनाचं कौतुक करण्याची त्या दिवशी इच्छा नव्हती.

दोघांनी जबाब लिहिला. मुलं नाहीत, फक्त ऐकणारे आहेत. विषय एवढाच की एका हरवलेल्या ससाण्याचा शोध चालू आहे. उत्तर आलं. ससाणा सरकारी जंगलात धरणार की खाजगी, आणि शिकारीचा परवाना आहे किंवा कसे? पहिल्या कागदानं शाळा काढली होती, दुसऱ्यानं शिकार. तिसरा कागद लिहू नका म्हणून मास्तरांनी हात जोडले. राघवेंद्ररावांनी लिहिला नाही. पण चौकशीबद्दल आभाराचे दोन शब्द पाठवले आणि त्यावर, मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, स्वतः मोहतमीमसाहेब येत आहेत, असा हुकूम आला. मोहतमीमसाहेब म्हणजे जिल्ह्यातल्या साऱ्या शाळा तपासणारे मोठे अधिकारी. ते शाळा बघायला आले आणि शाळा सापडली तर मास्तरांची भाकरी गेली, इतका हा हिशोब सरळ होता.

हिशोब सरळ होता, पण गावाचं डोकं दुसरीकडं चालू होतं. जळकोटात मिडल निघणार, ही बातमी फुटली. गावाला मिडल नव्हती. पोरांना तहतानियाच्या पुढं शिकवायचं तर परगावी कुणाच्या तरी ओसरीवर ठेवावं लागायचं, आणि पोरींचा तर विचारच सोडून दिलेला. त्यामुळं लोक खरोखरच हरखले. माकणीहून एक पाहुणा भाच्याला घेऊन आला आणि भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं मास्तरांच्या ओट्यावर ठेवून, पोराला मिडलमधी घ्या, म्हणाला. मास्तरांनी शपथेवर सांगितलं की मिडल वगैरे काही नाही. पाहुणा समजूतदारपणे हसला. बाहेर जाऊन तो लोकांना म्हणाला, की मास्तर लई सावध माणूस हाय, हुकूम हातात येस्तोवर कबूल करायचा न्हाय. मास्तर जितकं नाही म्हणत तितकी शाळा पक्की होत गेली. कल्याणप्पानं तर दुकानामागचं कोठार रिकामं करून त्याला चुना लावला. मास्तरांनी अडवलं, तेव्हा तो म्हणाला, असू द्या, चुना लागला तर काय वाईट हाय.

वनमालाबाई या सगळ्या दिवसांत फार थोडं बोलल्या. एकदा पाण्याचा तांब्या पुढं ठेवताना म्हणाल्या, “अहो, त्या बाईनं अट का घातली ते मला कळलं. पुरुषमाणसानं तोंड उघडलं की काम वाढतं.”

काव्याचं हे स्पष्टीकरण प्रस्तावनेतल्या पंडितालाही सुचलं नव्हतं. मास्तरांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं.

वाचन बंद पडलं. पुस्तक ट्रंकेत गेलं. बंद पडलं ते नेमक्या वाईट जागी. सरदार रिकाम्या हातानं घरी परत आला होता. वर्षाचा शेवटचा दिवस. राजा भर दरबारात विचारतो, माझा ससाणा कुठं आहे? तू त्याला मारलास काय? दुपारपर्यंत उत्तर दे, नाहीतर फासावर जाशील. आणि अट तर सूर्य मावळेपर्यंतची. गावात मास्तरांना रस्त्यात जो तो दोनच गोष्टी विचारायचा. मिडल कधी सुरू होणार, आणि त्यो बोलला का? मास्तरांना स्वतःलाही दोन्हींची उत्तरं ठाऊक नव्हती. ट्रंक उघडून शेवटचं पान बघावं असं एकदा त्यांच्या मनात आलं, पण नोकरी जात असताना नेमही कशाला घालवा म्हणून ते उठले नाहीत.

मोहतमीमसाहेब शुक्रवारीच आले. मोटारीतून उतरले तो वेशीपासून कोठारापर्यंत आंब्याची पानं लावलेली. कोठारात पाटी-पेन्सिल घेऊन पोरं रांगेनं बसलेली. त्यांत माकणीचा भाचाही होता. मास्तरांनी ते पाहिलं. शाळा नाही, हे सिद्ध करायच्या दिवशी गावानं त्यांना शाळा काढून दिली होती.

साहेब साठीला टेकलेले, अंगात शेरवानी, चेहरा थकलेला. त्यांनी पुस्तक मागवून घेतलं. मास्तर खुलासा करायला उठले, तोच दाराआडून इरम्माचा आवाज आला.

“मास्तर, तुमी गप बसा. तुमी बोललं की लई इस्कोट हुतोय.”

आई आणि बायको यांच्याशिवाय आणखी एका बाईनं आपल्याला गप बसवलं, याचं मास्तरांना वाईट वाटलं. पण ते बसले.

साहेबांनी पोरांना विचारलं, कधीपासून येता? पोरं खरं बोलली. आजच आलो. साहेबांनी त्यांना घरी धाडलं. मग उरलेल्यांकडं वळून त्यांनी बलभीमाला उभं केलं आणि तू कधीपासून येतोस म्हणून विचारलं. बलभीम म्हणाला, उन्हाळ्यापासनं. काय शिकलास? बलभीमाची छाती फुगली. मास्तर लई ज्ञान देतात म्हणाला आणि त्यानं ससाण्यापासून फासापर्यंत सगळी कथा न थांबता सांगितली. मधे घोड्याच्या पाण्याचा मुद्दाही आला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हा भला माणूस एकेका वाक्यानं त्यांची नोकरी खात होता.

“अच्छा,” साहेब म्हणाले, “घोडे को अंग्रेजी में क्या बोलते?”

बलभीमानं वर बघितलं, खाली बघितलं. “घोडंच,” तो म्हणाला.

कल्याणप्पाला राजासाठी इंग्रजी शब्द विचारला, तर त्यानं उलट विचारलं, की गोऱ्यांचा राजा का आपला? पाखराला काय म्हणतात, हा प्रश्न साहेबांनी दाराकडं बघून केला. आतून इरम्मानं ठामपणे उत्तर दिलं, “हक्की.” साहेबांचा कारकून लिहायला लागला, तेव्हा कल्याणप्पानं हळूच सांगितलं, की साहेब, ती कानडी हाय.

मग साहेबांनी पुस्तक उघडलं. एक ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. हे तर सगळं चुकीचं लिहिलंय, असं ते म्हणाले. मास्तरांच्या ओठांशी आलं. चुकीचं नव्हे साहेब, जुनं आहे. हा शब्द असा का लिहीत, तो तसा का म्हणत, हे सांगायला त्यांची जीभ टाळूला लागली होती. दाराआड खोकल्याचा आवाज झाला. मास्तरांनी जीभ पुन्हा खाली घेतली.

साहेबांनी कारकुनाला मजकूर सांगितला. पुस्तक आरंभापासून अशुद्ध. उन्हाळ्यापासून ऐकूनही श्रोत्यांपैकी एकालाही इंग्रजीचा एक शब्द येत नाही. सबब इथं मिडल किंवा कोणतीही शाळा चालते असं म्हणता येत नाही. आणि सदर मास्तर ती चालवू शकतील, अशी भीतीही दिसत नाही.

“मास्टरसाब, एकच सवाल,” साहेब म्हणाले. “आपने इन लोगों को कुछ पढाया?”

आता इथं मास्तरांची खरी परीक्षा होती. होय म्हटलं तर खाजगी शाळा काढल्याची कबुली आणि घरी चूल थंड. नाही म्हटलं तर नोकरी शाबूत. कुठलाही शहाणा माणूस क्षणात नाही म्हणेल. पण मास्तरांच्या समोर बलभीम बसला होता, कल्याणप्पा बसला होता, आणि त्यांना वाटत होतं की आपण काहीतरी शिकलो आहोत. मास्तरांनाही तसंच वाटत होतं. आयुष्यात त्यांनी हजारभर पोरांना पाढे शिकवले. पण आपण कुणाला काही दिलं असं त्यांना त्या ओसरीवरच वाटलं होतं. ते नाही म्हणायचं आणि ते ऐकणाऱ्यांच्या तोंडावर म्हणायचं, हे त्यांना फार जड गेलं. दाराआडून या वेळी खोकला आला नाही. इरम्मालाही ते समजलं असावं.

“नाही,” मास्तर म्हणाले.

बलभीम उठायला लागला, असं कसं म्हणून. कल्याणप्पानं त्याच्या मांडीला चिमटा काढून त्याला खाली बसवलं. कारकुनानं कागद पुढं सरकवला. ‘मी कुणाला काहीही शिकवलेलं नाही’ या ओळीखाली मास्तरांनी सही केली. त्यांना अक्षर नीट दिसत नव्हतं, पण तोंडून काही आवाज निघाला नाही.

कागद घडी होऊन कारकुनाच्या बस्त्यात गेला. साहेबांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं, गोणपाटावर नीट मांडी घातली आणि पुस्तक मास्तरांच्या हातात दिलं.

“सरकारी काम खतम,” ते म्हणाले. “अब वो नज्म का बंदोबस्त करो. बोला क्या वो?”

मास्तरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते इतक्या घाईनं पुस्तक चाळायला लागले की पान सापडायला वेळ लागला. त्यांनी मूळ ओळ मोठ्यानं वाचली, मग अर्थ. दुपार झाली. सरदार बोलला नाही. गळ्यात दोर पडला, तरी बोलला नाही. राजाचंही मन होईना. एकेक घटका तो पुढं ढकलत गेला. सावल्या लांबल्या. साहेब पुढं सरकले. कोपऱ्यात बसलेल्या राघवेंद्ररावांचा टाक कानावरच राहिला. सूर्य मावळला आणि आकाशातून ससाणा उतरून सरदाराच्या मुठीवर बसला. राजानं विचारलं, अरे, आता तरी बोल. सरदारानं वर्षानंतर तोंड उघडलं आणि एकच शब्द बोलला.

मास्तरांनी तो शब्द वाचला आणि थांबले. पुन्हा वाचला. खालच्या टिपेत बघितलं. पान उलटलं, तर काव्य संपलेलं.

“मग?” कल्याणप्पा म्हणाला.

“अर्थ ठाऊक नाही,” मास्तर म्हणाले. “खाली लिहिलंय. हा शब्द दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात सापडलेला नाही. काय अर्थ असेल ते कुणालाच माहीत नाही.”

सगळे एकदम बोलायला लागले. बलभीमानं पाणी मागितलं असणार म्हणून सांगितलं. कल्याणप्पा म्हणाला, सौदा पुरा झाला, असं काहीतरी असंल. साहेबांनी तो शब्द तीनदा म्हणवून घेतला, स्वतः हळूच म्हणून बघितला आणि हा हुकूम नाही, विनंतीही नाही, असा अभिप्राय दिला. राघवेंद्ररावांना त्यात फारसीचा वास आला. शब्दाचा अर्थ काय, हे मास्तरांना कुणी विचारेना. जो तो अर्थ त्यांनाच सांगत होता. मास्तर कधी याच्याशी वाद घालत होते, कधी त्याच्याशी, आणि घटकाभरापूर्वी आपण कुणाला काहीही शिकवलेलं नाही असं लिहून दिलं आहे, याची त्यांना आठवणही राहिली नव्हती. उन्हाळ्यापासूनच्या साऱ्या शुक्रवारांत असा शुक्रवार झाला नव्हता.

मोटारीची वेळ झाली तेव्हा साहेब नाइलाजानं उठले. गाव त्यांना वेशीपर्यंत पोचवून परत आलं, तोच त्यांचा शिपाई धापा टाकत पाठीमागून आला. अहवाल फिरला, अशी मास्तरांची खात्री झाली.

“साहेब म्हनले, मास्तरला सांग,” शिपाई दम खात म्हणाला, “ती शिवी हाय. वरीसभर गप बसिवलेला मानूस तोंड सुटल्यावर दुसरं काय बोलंल?”

“शिवी न्हवं,” इरम्मा दारातून बाहेर येत म्हणाली. “अव्वा म्हनला आसंल. आई.”

मास्तर हसले. साहेबांना सांगा, म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पुढच्या शुक्रवारी या, पुन्हा पहिल्यापासून वाचू. शिपाई वळला. राघवेंद्ररावांनी त्याला हातानं थांबवलं, कानावरचा टाक काढला आणि कागद शोधायला लागले.

“एवढ्या मोठ्या माणसाला तोंडी निरोप बरा दिसत नाही, दत्तोपंत,” ते म्हणाले. “लेखीच कळवू. शिवीला उर्दूत एक फार सुंदर शब्द आहे. दोन अर्थ होतात त्याचे.”

दत्तोपंत त्यांच्याकडं वळले आणि एकच शब्द बोलले. त्याचा अर्थ मात्र कुणाला विचारावा लागला नाही.